नुसता ओ

ही घटना खरी आहे.

सगळे असंच लिहितात, मला माहीत आहे. खाली 'छान रचलीय' म्हणून दात काढणारेही असतात. त्यांनी खुशाल काढावेत. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो सुजित माझा सख्खा मावसभाऊ. अलिबागला राहतो, कॅमेरे आणि कॉम्प्युटर बसवण्याची कामं करतो. देवळात घंटा वाजवतानासुद्धा याच्या कानाला फोन असतो. असला माणूस भुताच्या गोष्टी रचत बसत नाही, त्याला तेवढी सवडच नसते.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. अमावास्या होती, पण रात्र नव्हती.

भर दुपार होती. मावशीच्या चुलीवर भात रटरटत होता, अंगणात कोंबड्या फिरत होत्या, आणि शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

अशा वेळी हे झालं.

गाव पेण आणि अलिबागच्या मधलं, खारेपाटातलं. नाव सांगत नाही, कारण मावशी, म्हणजे सुजितची आई, अजून तिथंच राहते.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि मध्ये मातीचा बांध. शेत खाडीपेक्षा खाली. बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटायचं. भरतीला ते मिटलं नाही तर खारं पाणी आत शिरतं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या शेतात भाताचं पातं उगवत नाही. म्हणून पावसाळ्यातल्या उधाणाला गावातले पुरुष बांधावर जागायला जातात. थोड्या थोड्या अंतरावर एकेक जण, आपापल्या खोपीत.

आणि त्यांचा एक नियम आहे.

ज्याला गरज पडेल त्यानं हाक मारायची. जवळच्यानं ओ द्यायचा. ज्यानं ओ दिला त्यानंच जायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही, कारण सगळे एकीकडे धावले तर बांध दुसरीकडे फुटेल. तीन हाका मारूनही ओ आला नाही, तर मात्र सगळ्या गावानं धावायचं.

ओ दिला की पाय बांधला, असं तिकडची म्हातारी माणसं म्हणतात.

हे नीट लक्षात ठेवा.

सुजितचा धाकटा भाऊ मितेश. गेल्या वर्षी श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला तो उघाडीवर होता. रात्री झडपेत कसलं तरी लाकूड येऊन अडकलं, दार मिटेना. सकाळी ओहोटी लागल्यावर तो तिवरांच्या झाडीत सापडला. दार मिटलेलं होतं. शेतं वाचली. मितेश वाचला नाही.

त्याच्या शेजारच्या खोपीत मोरू होता. सुजितचा बालमित्र, एका पाटीवर शिकलेला. त्याच्या पलीकडे विठोबा. दोघांनी एकच सांगितलं, वारा भयंकर होता, हाक ऐकूच आली नाही. ऐकू आली असती तर धावलो नसतो का? गावानं मान हलवली. सुजितनंही हलवली. तो स्वतः त्या रात्री अलिबागला होता, त्यानं कुणाला काय विचारायचं?

त्यानंतर मोरूनं त्या घरासाठी जे केलं ते सख्खा भाऊ करणार नाही. सुजितबरोबर त्यानंही डोकं भादरून घेतलं. मावशीला डोळे दाखवायला पेणला नेऊन आणलं, कौलं शाकारली, लावणीला उभा राहिला. चार दिवस गेले की चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, घेऊन हजर. मावशी म्हणायची, एक पोर खाडीनं नेला आणि एक दिला. सुजित तर बायकोला सांगून ठेवायचा की उद्या माझं काही झालं तर आधी मोरूला फोन कर, मग माझ्या सासऱ्याला.

इतका विश्वास.

आता एका डब्याकडे येतो.

मितेशला कॉम्प्युटरचा नाद थोरल्या भावाकडून लागला होता. नवी मुंबईत तो जिथं कामाला होता ते ऑफिस बंद पडलं, तेव्हा भंगारात निघालेली एक वस्तू तो घरी घेऊन आला. दिसायला मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ. पांढरा डबा, मागे पिना, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा. पण तो चार्जर नव्हता, अख्खा कॉम्प्युटर होता. आतला प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा, एआरएम म्हणतात तो. पडदा नाही, कीबोर्ड नाही, पंखा नाही. एक नेटवर्कची वायर जोडायची जागा, एक यूएसबी, एक मेमरी कार्डाची खाच. विंडोज त्यावर चालत नाही. लिनक्स नावाची दुसरी प्रणाली चालते, आणि तीही मनधरणी केल्यावर.

मितेशनं त्यावर लिनक्स घातलं, उघाडीच्या खोपीत खोचलं, पाण्यात एक तरंगता गोळा सोडला. पाणी ठरावीक खुणेच्या वर गेलं की डब्यानं गावदेवीच्या देवळातला भोंगा वाजवायचा. माणसांनी रात्रभर भिजत बसायला नको, असं त्याचं स्वप्न होतं. आठवडाभर चाललं, मग खाऱ्या हवेनं बंद पडलं. दुरुस्त करायचं राहून गेलं, आणि ती अमावास्या आली.

वर्षभर तो डबा मावशीच्या ट्रंकेत मितेशच्या कपड्यांखाली पडून होता.

यंदा श्रावण संपत आला तसं सुजितच्या मनानं घेतलं, हे काम पुरं करायचं. भाऊ परत येणार नव्हता, पण त्याचा डबा उघाडीवर चालला असता तर दुसऱ्या कुणाचा भाऊ तिथं गेला नसता. हे एवढंच त्याला त्याच्यासाठी करता येण्यासारखं होतं. रविवारी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, लॅपटॉप आणि नवं कार्ड घेऊन तो गावी गेला.

जुनं कार्ड गंजलेलं होतं, वाचताच येईना. सुजितनं पिना घासल्या, डबा ओटीवरच्या सॉकेटमध्ये खोचला. बारीक हिरवा दिवा लागला. डब्याला पडदा नसल्यामुळे त्याचं बोलणं वायरीनं लॅपटॉपवर आणावं लागतं. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं सरसर खाली जाऊ लागली. त्यानं मध्येच थांबवलं, नव्या कार्डावरून सुरू व्हायला सांगितलं.

लिनक्स बसवताना ते एका ठिकाणी थांबून विचारतं. आतलं सगळं पुसलं जाईल, पुसू का?

सुजितचा हात तिथं थांबला. डब्याच्या पोटात मितेशनं केलेलं काहीबाही अजून असेल. पण ते ठेवून नवं चालत नव्हतं. त्यानं डोळे मिटून होय म्हटलं.

सगळं पुसलं गेलं. हे मी मुद्दाम सांगतोय. डबा कोरा झाला होता.

मग लिनक्सनं मशिनचं नाव विचारलं. सुजितनं लिहिलं, 'उघाडी'. पासवर्ड विचारला, तो दिला. सगळं बसून व्हायला बराच वेळ लागला, मावशीनं मध्ये दोनदा चहा दिला. शेवटी डबा बंद होऊन परत सुरू झाला आणि आत घेण्यासाठी नाव विचारू लागला. सुजित एकटाच हसला. मावशी दारातून बघत होती, तिला काही कळलं नाही, पण पोरगा हसला म्हणून तीही हसली.

आता डबा वायरीवर बरोबर सापडतो का ते बघायचं होतं. त्यासाठी पिंग करतात. लॅपटॉपनं डब्याला विचारायचं, आहेस का? डब्यानं सांगायचं, आहे. एका विचारण्याला एक उत्तर, एक ओळ. मितेश हे गावात समजावताना म्हणायचा, "दादा, आपल्या हाळीसारखंच हाय रे. हाक मारायची, तिकडनं ओ आला की समजायचं मानूस जाग्यावर हाय."

सुजितनं पिंग चालू केलं.

ओळी येऊ लागल्या. एकाखाली एक, शांतपणे.

आहे. आहे. आहे.

बाहेर भरती चढत होती. मावशीचं घर गावातलं शेवटचं, परसात उभं राहिलं की बांध दिसतो. खाडीचा वास घरात आला होता.

खोपीतला सॉकेट कसा आहे ते बघून यावं म्हणून सुजितनं डबा भिंतीतून उपटला, वायर काढली आणि हातात घेतला. हिरवा दिवा विझला. चप्पल पायात सरकवता सरकवता त्याची नजर लॅपटॉपवर गेली…

ओळी येत होत्या.

आहे. आहे. आहे.

त्यानं हातातल्या डब्याकडे पाहिलं. डबा गरम होता, पण मेलेला होता.

सुजित घाबरला नाही. या धंद्यात असली नाटकं रोजची. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रानं तोच पत्ता घेतला असेल, असं तो मनाशी म्हणाला. राउटर बंद केला. ओळी चालू. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. ओळी चालू. तेवढ्यात सगळ्या गावाचीच लाइट गेली, शेजारचा टीव्ही गप्प झाला, पंखा फिरत फिरत थांबला.

ओळी चालू.

आता लॅपटॉप कशालाही जोडलेला नव्हता. तो हाक मारत होता, आणि कुठून तरी ओ येत होता. तिकडे कुणीही नव्हतं.

सुजित पाटावर बसून राहिला. किती वेळ ते त्याला आठवत नाही. मग एकाएकी ओळी थांबल्या. त्याच वेळी मावशी परसातून बोलली, भरती फिरली वाटतं.

त्यानं फोन कुणाला करावा? मोरूला. दुसरं कोण होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, दुपार व्हायच्या आत मोरू आला. हातात चिंबोऱ्यांची पिशवी. ती त्यानं मावशीकडे दिली, ओटीवर मांडी घालून बसला, आणि डब्याला बोटानं टोचत म्हणाला की मितेशची वस्तू आहे, मितेशसारखीच अवखळ असणार. दोघं हसले.

सुजितनं रात्री यंत्र परत तपासलं होतं. काही दोष नव्हता. भोंगा वाजवून बघायचा म्हणून देवळातला एक छोटा भोंगाही त्यानं आणून ठेवला होता, तो जमिनीवर आडवा पडला होता. त्याची वायर कशालाच लावलेली नव्हती. दोन टोकं नुसती हवेत होती.

भरती चढली तसं सुजितनं पिंग चालू केलं आणि मोरूच्या देखत डबा भिंतीतून उपटून त्याच्याच मांडीवर ठेवला.

ओळी येत राहिल्या.

मोरूनं विचारलं, हे काय लिहून येतंय. सुजित म्हणाला, आपल्या हाळीसारखंच आहे, ही हाक जाते आणि हा ओ येतो. आणि मग जे त्याला कालपासून छळत होतं ते त्यानं बोलून दाखवलं.

"ओ येतोय बघ. पण ओ देणारा तिथं नाहीच."

मोरूच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, फक्त डोळे बदलले. सुजितला वाटलं तो घाबरला. साहजिक होतं, सुजितही घाबरलेला होता. त्यानं धीर द्यायला मोरूच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद कर ते," मोरू म्हणाला.

सुजितनं खिडकी बंद केली. लॅपटॉप मिटला. ओटीवर एकदम शांत झालं… आतल्या भाताचा आवाजसुद्धा येईना. अंगणातल्या कोंबड्या कुठं गेल्या होत्या कुणास ठाऊक.

आणि जमिनीवरचा भोंगा खरखरला.

आधी वारा. मग पाऊस, पत्र्यावर पडावा तसा. बाहेर लख्ख ऊन होतं. मग मध्ये एक मोकळी जागा आली… तिथं काहीच नव्हतं. कुणीतरी बोलत असावं आणि ते तेवढंच कापून टाकलेलं असावं, अशी.

मग आवाज आला. लांबून, वाऱ्यावरून.

"ओऽऽऽ"

मोरूचा आवाज होता.

मोरू समोर बसला होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

परत वारा. परत ती मोकळी जागा… परत ओ. आणि मग तिसऱ्यांदा. तिसरा ओ बारीक होता, ज्याला तो द्यायचा नाही अशा माणसानं दिल्यासारखा. त्यानंतर भोंगा गप्प झाला. हाक एकदाही आली नव्हती. नुसता ओ.

सुजित मला सांगत होता की त्या क्षणी त्याला काहीच कळलं नव्हतं. आवाज मोरूचा आहे एवढं कळलं होतं, बस. तो मोरूकडे वळला तो त्याला विचारायलाच, की हे काय आहे, तुला काही समजतंय का. मोरू मात्र मांडीवरच्या डब्याकडे बघत होता आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"मी ओ दिला व्हता," मोरू म्हणाला.

सुजितनं विचारलं, कधी? 

"त्या राती. त्यानं हाक मारली, मी ओ दिला. उठलो. बॅटरी मारली तं पानी बांधावर चढलेलं. पाय उचललाच न्हाय रं माझा. त्यानं परत हाक मारली. मी परत ओ दिला."

"परत?"

"तिसऱ्यांदा बी."

आता नियम आठवा. तीन हाकांना ओ आला नसता, तर सगळा बांध उठून धावला असता. आणि गाव धावलं नसतं, तरी मितेशला कळलं असतं की आपण एकटे आहोत. त्यानं झडप सोडून जीव वाचवला असता. पण त्याला ओ आला. एकदा नाही, प्रत्येक हाकेला. म्हणून तो पाण्यात झडप धरून उभा राहिला. मोरू येतोय म्हणून.

सुजितच्या डोळ्यांपुढे ते सगळं उभं राहिलं. तो ओरडला नाही. त्यानं शांतपणे सांगितलं, "तू गप्प बसला असतास तरी तो जगला असता."

मोरूनं मान हलवली. होय म्हणून.

वर्षभर खाल्लेल्या चिंबोऱ्या सुजितच्या घशाशी आल्या. भादरलेलं डोकं, शाकारलेली कौलं, पेणच्या दवाखान्यातल्या फेऱ्या, ते सगळं प्रेम त्याला आता दिसलं ते असं. ज्यानं भावाला पाण्यात उभं ठेवलं त्याच्या गळ्यात पडून तो भावासाठी रडला होता.

त्यानं विचारलं, विठोबाला माहीत आहे का.

"इठोबानं माझा ओ ऐकला. म्हनून तो उठला न्हाय. सकाली त्यानंच शिकवलं, हाक आयलीच न्हाय म्हनू. त्याच्या फुरच्या खोपीतल्यांनी बी ऐकला व्हता. सगल्यांनी तेच सांगायचं ठरलं."

म्हणजे बांधावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तेराव्याला जेवायला बसलेल्या प्रत्येकाला. सुजितच्या पाठीवर हात फिरवून 'देवाच्या मनात होतं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला.

मोरू डबा खाली ठेवून उठला. पायरी उतरताना थांबला, मागे न बघता म्हणाला, "आयेला नको बोलूस. तिना समदं ठाव हाय."

सुजितला आधी वाटलं, तो मावशीला दुःख देऊ नकोस म्हणतोय. मग शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला तांदळाचं पीठ. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

सुजितनं तिला एवढंच विचारलं, "आये, तू त्या राती झोपली होतीस ना?"

मावशी खोटं बोलू शकली असती. बोलली नाही.

"हाकेनं जाग आयली मना. मित्याचा गला मी वलकनार न्हाय काय? उठून बसले. तवऱ्यान मोरूचा ओ आयला. म्हटलं मोरू हाय, तो जातंय." तिनं पीठ पदराला पुसलं. "म्हनून निजले."

"आणि मला वर्षभर सांगितलं नाहीस."

"तुना सांगून मितेश येनार व्हता? तू अलिबागला. हितं मी राती हाक मारली तं येनार कोन? मोरूच ना."

 सुजित म्हणतो की मोरूनं केलं ते एक वेळ भीतीनं झालं असं म्हणता येईल. पण आईनं वर्षभर त्याच मोरूच्या ताटात आपल्या हातानं भात वाढला आणि समोर बसलेल्या मुलाला कळू दिलं नाही. ते त्याला अजून गिळता येत नाही.

तो उठला. डबा, वायरी, सगळं पिशवीत भरलं आणि बांधावर गेला. ओहोटी लागली होती. खाडी मागे सरून चिखल उघडा पडला होता. गावाला त्या डब्याची गरज होती, खोपीतला सॉकेट तयार होता, फक्त खोचायचा होता.  या लोकांना भावाची वस्तू द्यावी असं त्याच्या मनात आलंच नाही. त्यानं डबा चिखलात भिरकावला. तो बुडबुडा न काढता आत गेला.

तो तसाच अलिबागला निघून आला. चिंबोऱ्या तिथंच राहिल्या.

त्या रात्रीच्या उधाणालाही गाव बांधावर बसलं होतं. मोरू त्याच्याच खोपीत होता, असं मला नंतर कळलं. कुणीही कुणाला हाक मारली नाही.

डबा आता खाडीच्या पोटात आहे. कार्ड आत आहे, वीज नाही, वायर नाही. तरी उधाणाच्या दुपारी सुजितच्या लॅपटॉपवर ती काळी खिडकी आपोआप उघडते. त्यानं लॅपटॉप पुसून नवं लिनक्स घातलं. फरक पडला नाही. भरती चढली की ओळी येऊ लागतात, भरती फिरली की थांबतात. त्या दिवशी तो लॅपटॉप आता कपाटात ठेवतो आणि कामाला बाहेर पडतो.

आणि त्याच्यात एक बदल झालाय, तो त्याच्या बायकोनं मला सांगितला. त्याला कुणी हाक मारली तर तो ओ देत नाही. बायको स्वयंपाकघरातून बोलावते, गिऱ्हाईक रस्त्यावरून बोलावतं, हा तोंड उघडत नाही. हातातलं काम टाकतो, उठतो, आणि समोर येऊन उभा राहतो. पहिल्यांदा ती चिडायची. आता चिडत नाही.

हे मला माहीत होतं.

माहीत असूनही दिवाळीतल्या अमावास्येला मी त्याच्याकडे फराळाचा डबा द्यायला गेलो तेव्हा लक्षात आलं नाही. दुपारची वेळ होती. फाटक उघडंच होतं. मी अंगणातून हाक मारली.

"सुजित!"

आतून ओ आला.

मी निवांत झालो. चपला काढल्या, पायरीवर बसलो, घाम पुसला. येईल बाहेर म्हणून वाट बघत राहिलो.

कुणी आलं नाही.

परत हाक मारणार तेवढ्यात फाटक वाजलं. सुजित रस्त्यावरून आत येत होता, हातात नारळाची पिशवी. बायको माहेरी गेली होती. मी वळून दाराकडे पाहिलं… दाराला बाहेरून कुलूप होतं.

सुजितनं माझा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

"हाक मारलीस?"

मी मान हलवली.

"ओ आला?"

मी कुलपाकडे बोट केलं. त्यानं खिशातून चावी काढली, पण कुलपाला लावली नाही. माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. भरती उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो, दाराकडे पाठ करून.

तो आवाज सुजितचा नव्हता. मोरूचाही नव्हता. मितेशला जाऊन वर्ष उलटलंय, त्याचा आवाज मला नीट आठवत नाही, म्हणून मी काही म्हणत नाही.

एवढं मात्र खरं, की त्या दिवशी दुसरी हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.